ताप उतरल्यानंतरचा आजार

अकोल्याच्या जुन्या शहरात जयहिंद चौकातून डाबकी रोडकडे जाताना कुठल्याही गल्लीत शिरलं, तर दारात निळा ड्रम, मोरीत सिमेंटची टाकी आणि खिडकीला लोखंडी कूलर दिसतो. काटेपूर्णेच्या धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही, म्हणून ते साठवावं लागतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, म्हणून कूलरशिवाय भागत नाही. पाऊस लागला की कूलर बंद होतो, पण त्याच्या तळातलं पाणी आठवडेच्या आठवडे तसंच राहतं. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा डास, एडिस, नाल्याच्या घाण पाण्यात वाढत नाही. त्याला असंच स्वच्छ आणि निवांत साचलेलं पाणी लागतं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी घासून पुसून वाळवा, असं आरोग्य खातं दरवर्षी सांगतं, त्यामागे हाच हिशेब आहे.

चिकुनगुन्या महाराष्ट्राला नवा नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली. पुढं तीस-बत्तीस वर्षं तो जणू नाहीसाच झाला, आणि २००५-०६ मध्ये असा परतला की एकट्या २००६ साली देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. २०२४ च्या पावसाळ्यात नागपूर आणि पुण्याला त्यानं पुन्हा गाठलं. ताप चार-पाच दिवसांत उतरतो, सांधे काही आठवडे धरलेले राहतात आणि बहुतेक माणसं बरी होतात. काही मात्र होत नाहीत. "ताप गेला, पण आंगात जीवच नाई राह्यला," हे वाक्य वऱ्हाडात पावसाळा सरताना फार ऐकू येतं. सहा-सहा महिने उलटतात. रक्ताचे रिपोर्ट चांगले येतात, पेशी भरून आलेल्या असतात, तरी दोन जिने चढले की माणूस आडवा होतो. घरच्यांचा धीर सुटतो. कामाचा कंटाळा असेल, मनाचं काही असेल, अशी कुजबुज सुरू होते. मग कुणी ताकदीची बाटली लावायला नेतं, कुणी उतारा टाकतं.

अशा वेळी रुग्ण स्वतःच एक सरळ प्रश्न विचारतो. तापाचा विषाणू अजून आतच बसला असेल, तर त्याला मारायची गोळी का देत नाही? प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांनी चाळीस वर्षं याच प्रश्नाचा पाठलाग केला आहे. त्या पाठलागाची हकीकत आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही, आणि त्यामुळे पैसाही जातो आणि आशाही.

आधी आजाराबद्दल. वैद्यकात याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, मराठीत दीर्घकालीन थकव्याचा आजार म्हणू. २०१५ साली अमेरिकेच्या वैद्यक अकादमीनं त्याचे निकष बांधून दिले. पूर्वी सहज जमणारी कामं सहा महिन्यांहून अधिक काळ बऱ्याच अंशी न जमणं, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं, आणि श्रमानंतर सगळी लक्षणं उसळणं, ही तिन्ही हवीत. त्याच्या जोडीला डोकं न चालणं, शब्द न सुचणं, किंवा उभं राहिल्यावर भोवळ-धडधड होणं, यांपैकी एक तरी हवं. या सगळ्यात श्रमानंतरची उसळी हीच खरी ओळख, आणि ती फसवी असते, कारण ती लगेच येत नाही. समजा, एखाद्या मुलाला मागच्या दिवाळीत चिकुनगुन्या झाला. यंदा श्रावणात त्याला बरं वाटतंय म्हणून तो कावडीबरोबर गांधीग्रामला गेला, पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराच्या मंदिरापर्यंतची अठरा-एक किलोमीटरची वाट अनवाणी चालून आला. सोमवारी तो ठीक होता. मंगळवारीही पाय दुखण्यापलीकडे काही नाही. बुधवारी सकाळी मात्र त्याला अंथरुणातून उठवेना, घसा धरला, अंगात कसकस आली, उजेड सोसेना, आणि पुढचे पंधरा दिवस तसेच गेले. बारा ते अठ्ठेचाळीस तासांच्या या अंतरामुळे रुग्णालाही कळत नाही की आपण कशानं पडलो, आणि डॉक्टरलाही तो दोन्ही गोष्टी जोडून सांगत नाही.

थकवा म्हणजे हा आजार नव्हे, हेही स्पष्ट करायला हवं. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात अठरा ते पन्नास वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. त्यांतल्या १२ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचं सांगितलं. आपल्याकडे बाईला थकवा म्हटलं की लोहाच्या गोळ्या हातावर ठेवतात. पण त्या पाहणीत हिमोग्लोबिनशी थकव्याचा संबंध दिसलाच नाही. संबंध दिसला तो गरिबीशी, नवऱ्याकडून होणाऱ्या छळाशी, चिंता आणि नैराश्याशी. त्या थकव्यावर कुठलीही विषाणूविरोधी गोळी चालणार नाही, आणि त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणणं त्या बायकांवर अन्याय ठरेल. दोन दुःखं वेगळी आहेत, दोन्ही खरी आहेत.

विषाणूनंतर येणारा थकवा खरा आहे, याचा माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या लहानशा गावातून आला. तिथल्या संशोधकांनी लोक आजारी पडल्या-पडल्याच त्यांची नोंद घेतली आणि पुढं वर्षभर त्यांचा पाठपुरावा केला. एकूण २५३ रुग्ण होते. कुणाला एपस्टाइन-बार विषाणूचा ताप होता, कुणाला क्यू फिव्हर, कुणाला रॉस रिव्हर विषाणूचा. २००६ साली निष्कर्ष छापला, तो असा: सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के लोक या आजाराच्या व्याख्येत बसत होते, आणि मूळ जंतू कोणता यानं त्यात फारसा फरक पडत नव्हता. मनाचा जुना आजार असण्या-नसण्यानंही पडत नव्हता. फरक पडत होता तो पहिला ताप किती जोराचा होता त्यानं. इथं आपल्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रॉस रिव्हर हा चिकुनगुन्याचा सख्खा चुलत भाऊ. दोघंही अल्फाव्हायरस कुळातले, दोघंही डासानं पसरणारे, दोघंही सांधे धरणारे. डब्बोत जे घडलं ते अकोल्यात घडत नसेल, असं मानायला काही कारण नाही.

मग विषाणू आत उरतो का? काही उरतात, याबद्दल वाद नाही. आपल्या घरात नागीण कुणाला उठलेली नसेल असं नाही. लहानपणी कांजिण्या होऊन जातात, पुरळ वाळतं, पण विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. चाळीस-पन्नास वर्षांनी, वय झालं किंवा प्रतिकारशक्ती ढासळली की तो जागा होतो आणि छातीवर किंवा कमरेवर पट्ट्यानं फोड उठतात. हीच नागीण. एपस्टाइन-बार त्याच हर्पिस कुळातला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात तो आयुष्यभर झोपलेला असतो. आपल्याकडे तर बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो, आणि ते दुखणं साध्या सर्दी-तापातच निभावतं. म्हणूनच थकलेल्या माणसाच्या रिपोर्टवर "ईबीव्ही आयजीजी पॉझिटिव्ह" असं छापून आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की तो विषाणू कधीकाळी येऊन गेला आहे. शेजारच्या ठणठणीत माणसाचं रक्त तपासलं तरी तेच येईल. हा एक कागद हातात धरून महागड्या औषधांच्या मागे लागलेली माणसं असतात, आणि त्यांना हे साधं वाक्य कुणी सांगत नाही.

विषाणूविरोधी औषध नेमकं काय करतं, हे समजलं की पुढचं सगळं समजतं. असायक्लोव्हिर घ्या. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं हे औषध. एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. ही गोळी पोटात गेली तरी ती तशी निष्क्रियच असते. हर्पिसचा विषाणू पेशीत स्वतःच्या प्रती काढायला लागला की तो एक विकर तयार करतो. ते विकर असायक्लोव्हिरला फॉस्फेट जोडतं, पेशी आणखी दोन जोडते, आणि मग ते औषध विषाणूच्या डीएनएच्या साखळीत जाऊन अडकतं. साखळी तिथंच खुंटते. निरोगी पेशीत ते विकर नसतं, म्हणून तिला फारशी इजा होत नाही. युक्ती सुंदर आहे. पण तिची मर्यादा तिच्यातच आहे: विषाणू प्रती काढत असेल तरच औषध चालतं. झोपलेल्या विषाणूला ते शिवतसुद्धा नाही. नागिणीचे फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत दिवसातून पाच वेळा ८०० मिलिग्रॅमची गोळी सुरू करायला सांगतात, ते याचसाठी. त्या तीन दिवसांत विषाणू कामात असतो. महिन्यानं तीच गोळी घेऊन काय उपयोग?

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही डॉक्टरांना वाटलं की दीर्घ थकव्याच्या रुग्णांत एपस्टाइन-बार जागा असावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या स्टीफन स्ट्रॉस यांनी ही कल्पना कसोटीला लावली. त्यांनी २७ रुग्ण निवडले. प्रत्येकाला काही काळ असायक्लोव्हिर आणि काही काळ दिसायला सारखंच पण आत काही नसलेलं औषध दिलं. केव्हा कोणतं चालू आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं, डॉक्टरलाही नव्हतं. १९८८ साली, म्हणजे एलियन यांच्या नोबेलच्याच वर्षी, निकाल आला. शेवटपर्यंत टिकलेल्या २४ जणांत असायक्लोव्हिरवर ११ जणांना बरं वाटलं. खोट्या औषधावर १० जणांना. तिघांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला, तो पुढं निवळला. ११ आणि १० या दोन आकड्यांवर जरा थांबायला हवं. खोट्या औषधाचा तुलनागट नसता, तर "असायक्लोव्हिरनं जवळजवळ निम्मे रुग्ण सुधारले" अशी बातमी झाली असती, आणि ती देणारा डॉक्टर खोटंही बोलत नसता. या आजारात चढउतार असतात, माणूस सगळ्यात वाईट अवस्थेत असताना डॉक्टरकडे जातो, आणि त्यानंतर थोडं बरं वाटणं हे बऱ्याचदा ठरलेलंच असतं. ते श्रेय औषधाच्या खात्यावर जमा होतं.

तरी आशा सुटली नाही, आणि सुटू नये हेही बरोबरच होतं. स्टॅनफर्डमध्ये होजे मोंटोया यांनी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे अधिक जबर औषध वापरलं. ज्यांच्या रक्तात एपस्टाइन-बार आणि ह्यूमन हर्पिस-६ या दोन विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं खूप वाढलेली होती, असेच १२ रुग्ण त्यांनी घेतले. नऊ जण सुधारले. हा अहवाल २००६ साली आला आणि रुग्णांत खळबळ उडाली. पण त्यात तुलनागट नव्हता. मग त्यांनी रीतसर चाचणी केली: ३० रुग्ण, त्यांतले २० औषधावर, १० खोट्या औषधावर, सहा महिने. २०१३ साली आलेल्या निकालात मानसिक थकवा आणि विचारशक्ती यांत काही सुधारणा दिसली, पण विषाणूंच्या प्रतिपिंडांत ठरलेला फरक पडला नाही आणि तीस माणसांवरून छातीठोक काही सांगता येत नाही. त्यानंतर मोठी चाचणी व्हायला हवी होती, ती झाली नाही. माझ्या मते या सगळ्या हकीकतीतलं हे सर्वांत खटकणारं पान आहे, कारण प्रश्न अर्धवट सोडला की त्या जागेत बाजार शिरतो. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे हलक्यात घ्यायचं औषध नाही. ते अस्थिमज्जेवर आघात करतं, पांढऱ्या पेशी उतरवतं, दर काही दिवसांनी रक्त तपासावं लागतं, गर्भाला धोका असतो, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं कर्करोग झालेला दिसला आहे. अवयवरोपण झालेल्या माणसाला जीवघेण्या संसर्गापासून वाचवताना हा धोका पत्करणं योग्य. आयजीजी पॉझिटिव्ह या एका ओळीवरून पत्करणं योग्य नव्हे.

आशेनं किती मोठी फसगत होऊ शकते, ते २००९ साली दिसलं. सायन्स या नामांकित नियतकालिकात एक लेख आला. त्यात म्हटलं होतं की दीर्घ थकव्याच्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा रेट्रोव्हायरस सापडला. रुग्णांना वाटलं, अखेर शत्रूला चेहरा मिळाला. काहींनी एचआयव्हीची औषधंदेखील सुरू केली. पण एकामागून एक प्रयोगशाळांनी शोधलं आणि त्यांना काहीच सापडेना. शेवटी कळलं की तो विषाणू माणसात नव्हताच. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये तो उंदराच्या विषाणूंच्या तुकड्यांपासून तयार झाला होता आणि नमुन्यांत मिसळला होता. डिसेंबर २०११ मध्ये सायन्सनं लेख मागे घेतला. रिंटाटोलिमॉड नावाचं आणखी एक औषध या आजारासाठी शिरेतून देतात. ते अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी दोनदा नाकारलं, आणि अर्जेंटिनानं मात्र २०१६ साली मंजूर केलं. त्याबद्दल इतकंच पुरे.

आता चिकुनगुन्याकडे परत येऊ, कारण वऱ्हाडातल्या वाचकाचा खरा प्रश्न तो आहे. हा विषाणू हर्पिससारखा जन्मभर झोपून राहणाऱ्यांतला नाही. तरी तो काही काळ लपून राहत असावा, असे पुरावे आहेत. माकडांवरच्या प्रयोगांत तो आठवडेच्या आठवडे मॅक्रोफेज या पेशींत सापडला. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावरच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही त्याचा आरएनए मिळाला. उलट कोलंबियात, सरासरी बावीस महिने सांधे दुखत असलेल्या ३८ रुग्णांच्या सांध्यांतलं पाणी काढून तपासलं, तेव्हा विषाणूचा मागमूस लागला नाही. म्हणजे काहींत काही काळ उरतो, आणि बहुतेकांत तो गेल्यावरही प्रतिकारशक्तीचं भांडण मिटत नाही, असं दिसतं.

यावर महाराष्ट्रातच एक नेकीची चाचणी झाली आहे आणि तिचा उल्लेख आपल्याकडे व्हावा तितका होत नाही. चिकुनगुन्यानंतरच्या दुखण्यावर क्लोरोक्विन चालतं, अशी समजूत २००६ च्या साथीत पसरली होती. प्रयोगशाळेत ते विषाणूला अडवतं, हे खरं होतं. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ७० रुग्णांची चाचणी घेतली. काहींना क्लोरोक्विन, काहींना मेलॉक्सिकॅम हे साधं वेदनाशामक, चोवीस आठवडे. क्लोरोक्विन सरस ठरलं नाही. तिकडे रेयुनियाँत तापाच्या सुरुवातीलाच क्लोरोक्विन देऊन पाहिलं, तर २०० दिवसांनी औषध घेतलेल्यांतच सांधेदुखीची तक्रार अधिक निघाली. परीक्षानळीत विषाणू मरणं आणि माणूस बरा होणं यांत किती अंतर असतं, हे त्यावरून कळलं. चौदा वर्षांनी कोविडच्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी औषधाच्या दुकानांसमोर रांगा लागल्या, तेव्हा हा धडा फार थोड्यांना आठवला.

कोविडनं हा प्रश्न सगळ्या जगाच्या दारात आणून ठेवला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची पहिली उसळी अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यातच आली, आणि अमरावती, अचलपूरला पुन्हा कुलपं लागली. महाराष्ट्रात सापडलेल्या त्या विषाणूच्या कुळातल्या एका शाखेला पुढं ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं डेल्टा हे नाव दिलं. त्या उन्हाळ्यात ज्यांनी माणसं गमावली त्यांचं दुःख मोठं, आणि त्या दुःखापुढं "मला अजून थकवा आहे" असं म्हणायची वाचलेल्यांना लाज वाटायची. पण लाँग कोविडच्या अनेक रुग्णांची लक्षणं दीर्घ थकव्याच्या निकषांत तंतोतंत बसतात. त्यांच्या आतड्यांत, रक्तात विषाणूचे अवशेष महिनोन्‌महिने सापडतात, हेही अनेक ठिकाणी दिसलं. म्हणून पॅक्सलोव्हिड हे कोविडचं चांगलं औषध पाच दिवसांऐवजी पंधरा दिवस देऊन पाहिलं. स्टॅनफर्डच्या चाचणीत १५५ लोक होते, येलच्या चाचणीत १००. पहिलीचा निकाल २०२४ साली आला, दुसरीचा २०२५ साली. दोन्हींत औषध घेणारे आणि खोटं औषध घेणारे सारखेच राहिले.

याचा अर्थ विषाणू मारून थकवा कधीच जात नाही, असा नाही. हिपॅटायटिस सी हे त्याचं उदाहरण. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं राहतो, सतत प्रती काढत राहतो, आणि रक्ताच्या एका चाचणीत मोजता येतो. त्याच्या रुग्णाचा थकवा अनेकदा "वयामुळे" म्हणून सोडून दिला जातो. सोफॉसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्या बहुतेकांना बारा आठवडे दिल्या की नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तातून विषाणू कायमचा जातो, आणि पुष्कळांचा थकवाही कमी होतो. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. इथं गोळी चालते, कारण शत्रू नक्की आहे, तो जागा आहे, आणि औषध बरोबर त्याच्यासाठीच बनलं आहे. दीर्घ थकव्याच्या आजारात या तिन्ही गोष्टींपैकी एकही अजून सिद्ध झालेली नाही.

मग शरीरात बिघडलंय तरी काय? ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या २५ रुग्णांना सायकल चालवायला लावली आणि आधी व दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीच्या स्नायूचा कण काढून पाहिला. श्रमानंतर स्नायूंना इजा झालेली होती, पेशींतली ऊर्जानिर्मिती खालावली होती. २०२४ साली हे छापून आलं. २०२५ साली ब्रिटनमधल्या डिकोडएमई या अभ्यासानं दीर्घ थकव्याच्या पंधरा हजारांहून अधिक रुग्णांची जनुकं तपासून आठ ठिकाणी फरक दाखवला. त्यांतले काही प्रतिकारशक्तीशी आणि काही मज्जासंस्थेशी निगडित आहेत. घरच्यांनी निदान एवढं तरी ऐकावं: ही आळसाची गोष्ट नाही. "उठ, फिर, व्यायाम कर, बरं वाटेल" हा सल्लाही आता मोडीत निघाला आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००७ साली टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवण्याची शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिनं ती स्वतःच काढून टाकली, कारण अनेक रुग्ण त्यानं अधिक बिघडत होते.

करायचं ते आहेच. मोर्णा नदीचा पूल ओलांडून सर्वोपचार रुग्णालयात जा आणि आधी ज्यावर हमखास उपाय आहेत ते आजार तपासून घ्या: हिमोग्लोबिन आणि लोहसाठा, थायरॉइड, साखर, बी-१२, यकृत व मूत्रपिंड, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे. विदर्भात सिकलसेलची तपासणीही विसरू नये. सांध्यांवर सूज टिकून असेल तर सांध्यांच्या डॉक्टरला दाखवा, तो वेगळा आणि बरा होणारा मामला असू शकतो. ताकदीच्या पिवळ्या बाटलीत मुख्यतः पाणी, साखर, मीठ आणि ब जीवनसत्त्वं असतात. तोंडानं खाता-पिता येत असेल तर तिच्यावर पैसे घालवू नका. उभं राहिल्यावर धडधड होत असेल तर तेही डॉक्टरला आवर्जून सांगा. दहा मिनिटं पडून राहून नाडी मोजायची, मग उभं राहून दहा मिनिटं मोजत राहायची. मोठ्या माणसात ती तीसनं किंवा अधिक वाढली, तर त्यावर औषधं आहेत. अकोल्याच्या मे महिन्यात ही तक्रार दुप्पट जाणवते.

आणि ताकद मापून वापरा. नळ पहाटे आला म्हणून सगळे ड्रम एका दमात भरायचे, मग कपडे, मग स्वयंपाक, असा सपाटा नको. भाकरी ओट्याशी उभं न राहता पाटावर किंवा स्टुलावर बसून थापायची. एक काम, मग थकवा जाणवायच्या आधीच पाठ टेकायची. चांगल्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायचा मोह टाळायचा, कारण त्याची किंमत तिसऱ्या दिवशी मोजावी लागते. रोज एका वहीत दोन ओळी लिहा: आज काय केलं, आज कसं वाटलं. महिन्याभराची ती वही डॉक्टरला महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगेल. घरातल्या बाईला हा आजार असेल, तर पाणी भरायचं काम घरातल्या पुरुषांनी आपणहून उचलावं. आजच्या घडीला याहून चांगलं औषध तिच्यासाठी नाही.

अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला एक विनंती आहे. पावसाळ्यात चिकुनगुन्या आणि डेंग्यूचं निदान झालेल्या प्रत्येकाचा फोन नंबर तुमच्याकडे असतोच. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी त्याला एक फोन करा, पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं नोंदवून ठेवा. डब्बोनं तेच केलं, आणि ते अकोल्याहून कितीतरी लहान गाव आहे. वऱ्हाडात तापानंतर नेमकी किती माणसं अंथरुणाला खिळतात हा आकडा हातात आला, तर पुढची औषधचाचणी इथं मागता येईल. ती होईपर्यंत कुणी विषाणू मारायची गोळी म्हणून हजारो रुपयांची पाकिटं लिहून दिली, तर चिठ्ठी खिशात ठेवा आणि आधी एकच विचारा: माझ्या शरीरात कोणता विषाणू जागा आहे आणि ते कोणत्या चाचणीत दिसलं?